सज्जनांची वेगळी रांग

गेली २२ वर्षं मी रांगेवर पोट भरतो आहे. मी एका बँकेत कारकून आहे आणि रोज सकाळी दहा वाजता माझ्या खिडकीसमोर एक रांग येऊन उभी राहते. तिचं तोंड माझ्याकडे आणि शेपूट दाराबाहेर, रिक्षा स्टँडच्या दिशेला. एवढ्या वर्षांत रांग तोंडाकडूनच बघायची मला सवय झाली. शेपटाकडून ती कशी दिसते हे मी विसरत चाललो होतो. विजेचं बिल मोबाइलवर भरतो, रेल्वेचं तिकीट मोबाइलवर काढतो आणि पहाटे दुधासाठी उभं राहण्याचं काम वडिलांच्या पिढीबरोबर संपलं. त्यामुळे रांग या विषयावर मी जी काही मतं बाळगून होतो ती सगळी खुर्चीत बसून बनवलेली होती, आणि खुर्चीत बसून बनवलेली मतं फार उदात्त असतात. 'रांगेत सगळे सारखे, रांग ही लोकशाहीची शाळा आहे' वगैरे मी आमच्या शाखेच्या वर्धापनदिनाला भाषणात बोललोसुद्धा आहे. टाळ्या पडल्या होत्या. टाळ्या वाजवणारे सगळे खिडकीच्या आतलेच होते, ही गोष्ट वेगळी.

ही मतं २०२५ च्या मे महिन्यात एका विमानतळावर, काचेच्या भिंतीपाशी, माझ्या हातून निसटली. विमानतळाचं नाव सांगत नाही. मला अजून तिथून प्रवास करायचा आहे.

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. तिनं तिकडे घर घेतलं आणि 'आईला घेऊन ये, तिचे पाय लागू देत घराला' असा लकडा लावला. आई ७४ वर्षांची. व्हिसे मिळाले, तिकिटं काढली, बँकेत साठलेली प्रिव्हिलेज लीव्ह मी मंजूर करून घेतली. (कारकुनाच्या आयुष्यात 'प्रिव्हिलेज' हा शब्द फक्त रजेच्या अर्जातच येतो.) तेवढ्यात तिकडून जावईबापूंचा फोन.

"दादा, टीटीपी केलंत का?"

मी बी.कॉम. माणूस. इंग्रजी तीन अक्षरं एकत्र दिसली की कोणीतरी आपलं काहीतरी कापून घेणार असं मला आपोआप वाटतं. मी विचारलं, "किती टक्के?"

जावईबापू हसले आणि त्यांनी मला समजावून सांगितलं. परदेशी जाताना-येताना पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्या अधिकाऱ्यापुढे जी रांग लागते, ती टाळायची ही सरकारी सोय. पूर्ण नाव 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन - ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम'. २२ जून २०२४ ला दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावर ती सुरू झाली आणि १६ जानेवारी २०२५ ला मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद इथे आली. भारतीय नागरिकांनी आणि ओसीआय कार्डवाल्यांनी घरबसल्या अर्ज करायचा, कागद चढवायचे. सरकार चौकशी करतं. मग बोलावणं आलं की जाऊन बोटांचे ठसे आणि चेहरा देऊन यायचं. त्यानंतर पाच वर्षं, किंवा पासपोर्टची मुदत आधी संपत असेल तर तेवढी वर्षं, आपण यंत्राच्या फाटकापाशी जायचं. पासपोर्ट दाखवायचा, बोर्डिंग पास दाखवायचा, तोंड दाखवायचं. फाटक उघडतं. अर्ध्या मिनिटात माणूस पार.

"आणि फी?"

"फुकट."

इथे मी जरा हिरमुसलो. पैसे घेत असते तर मला तत्त्वासाठी भांडता आलं असतं. तिरुपतीला ३०० रुपयांचं दर्शन असतं, त्यावर मी 'देवाच्या दारातसुद्धा' अशी सुरुवात करून अर्धा तास बोलू शकतो. (स्वतः ३०० रुपये भरून आलो, तेव्हापासून तर पाऊण तास.) पण इथे पैशाचा प्रश्नच नव्हता. भेद दुसराच होता आणि तो आईनं मेथी निवडता निवडता बाहेर काढला.

"काय रे म्हणतात त्याला?"

"ट्रस्टेड ट्रॅव्हलर. म्हणजे विश्वासू प्रवासी."

"बरं. आणि जे रांगेत उभे असतात ते?"

"ते आपले साधे प्रवासी."

"म्हणजे त्यांच्यावर विश्वास नाही?"

"तसं नाही गं. त्यांची अजून खात्री करून घ्यायची असते."

"मग खात्रीचे प्रवासी म्हणा. विश्वासाला कशाला मधे आणता?" असं म्हणून तिनं देठं बाजूला काढली.

मी गप्प बसलो. गप्प बसायला कारण होतं. आमच्या शाखेत यंत्राचं फाटक नाही, पण त्याचं काम करणारा माणूस आहे आणि तो मी आहे. त्याचं असं असतं. मोठी ठेव असलेले ग्राहक रांगेत येत नाहीत. ते थेट मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये जातात, चहा घेतात, आणि त्यांचं पासबुक शिपायाच्या हातून माझ्याकडे येतं. ते रांगेच्या डोक्यावरून येतं. एकदा त्या वेळी खिडकीशी एक भाजीवाल्या मावशी होत्या. त्यांचा नंबर आला होता, हात पुढे झाला होता, आणि वरून ते पासबुक आलं. त्या काही बोलल्या नाहीत. पतंगाकडे बघावं तसं त्यांनी त्या पासबुकाकडे नुसतं बघितलं.

साहेबांना मी एकदा धीर करून विचारलं होतं. ते म्हणाले, "अहो, आतल्यांची कामं उरकली की बाहेरची रांग तेवढी कमी होते." विमानतळवाल्यांचंही म्हणणं हेच आहे, आणि खोटं बोलू कशाला, ते चूक नाही. ज्यांची चौकशी आधीच झालेली आहे ती माणसं यंत्रानं पार केली, तर अधिकाऱ्याला उरलेल्यांकडे नीट बघायला वेळ मिळतो आणि त्यांचीही रांग घटते. शिवाय फाटक वेगळं असल्यामुळे कोणाच्या डोक्यावरून पासबुक जात नाही. हे सगळं मी एका कागदावर मांडून पाहिलं. आकडे जुळले. कॉमर्सच्या माणसाचा विवेक आकडे जुळले की गप्प बसतो. मी तिघांचेही अर्ज भरून टाकले.

जावईबापूंना खूप आनंद झाला. या विषयात त्यांचा अधिकार मोठा, कारण अमेरिकन सरकारनं त्यांना अधिकृतपणे विश्वासू ठरवलेलं आहे. तिकडे 'ग्लोबल एंट्री' नावाची अशीच योजना २००८ पासून आहे. पाच वर्षांची फी आधी १०० डॉलर होती, ती १ ऑक्टोबर २०२४ पासून १२० झाली. अर्ज करायचा, चौकशी व्हायची आणि मग प्रत्यक्ष मुलाखत. भारतीय नागरिकांनाही २०१७ पासून ती घेता येते, मात्र त्यांना आधी पासपोर्ट खात्यामार्फत आपली पोलिस चौकशीही करून घ्यावी लागते. जावईबापू मुलाखतीला टाय लावून गेले होते. आमच्याकडे मुलगी बघायला आले तेव्हा साध्या बुशशर्टवर आले होते.

या योजनेबरोबर तिकडे आणखी एक मान मिळतो. 'प्रीचेक' म्हणून सुरक्षा तपासणीची वेगळी रांग असते, तिथे पायातले बूट काढावे लागत नाहीत. बाकीची जनता बूट ट्रेमध्ये ठेवून मोज्यांवर उभी, आणि आपण टाचा वाजवत पुढे. जावईबापू हे वर्णन फार रंगून करत. पुढे २०२५ च्या जुलैमध्ये सरकारनं सगळ्यांनाच बूट पायात ठेवायची मुभा देऊन टाकली. त्या दिवशी त्यांचा फोन आला होता. त्यांचे बूट कोणी काढून घेतले नव्हते. होते तसेच पायात होते, फक्त आता दुसऱ्यांच्याही पायात होते. पण आवाज देवळाबाहेरून नवी चप्पल चोरीला गेलेल्या माणसाचा होता.

आणि हा मान टिकवायलाही जपावं लागतं. बॅगेतलं फळ सांगायचं राहिलं, अन् तपासणीत सापडलं, तरी कार्ड रद्द होऊ शकतं. त्यामुळे जावईबापूंनी बजावलं, "दादा, आईंना सांगा, लोणचं चालेल, मसाला चालेल, पण आंबा आणायचा नाही. एकसुद्धा नाही." प्रवास आम्ही करणार होतो, कार्ड त्यांचं होतं, दोन्हींचा काडीचाही संबंध नव्हता. पण विश्वासू माणूस फार घाबरट होतो, असं माझं निरीक्षण आहे. ज्याच्याकडे कार्ड नाही त्याचं काय जाणार?

आंब्याची हकीकत आमच्या हकीकतीपेक्षा वेगळी नाही. भारतातल्या आंब्याला अमेरिकेनं बरीच वर्षं दार लावून घेतलं होतं. म्हणणं असं, की त्याच्यातून फळमाशी येते, कोयीतला भुंगा येतो. २००७ साली दार उघडलं ते एका अटीवर. आंब्यानं आधी नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला जायचं, म्हणजे आपल्या कांद्याच्या लासलगावला, तिथे गॅमा किरण अंगावर घ्यायचे, अमेरिकन तपासनिसाची पसंती मिळवायची आणि मग विमानात बसायचं. म्हणजे हापूसलासुद्धा विश्वासू प्रवासी व्हावं लागतं. तेव्हा माझ्यासारख्यानं बोटं द्यायला कुरकूर करण्यात अर्थ नव्हता.

बोटांचं बोलावणं आलं. तिघेही गेलो. माझे ठसे पहिल्या झटक्यात उमटले. सौ.चे दुसऱ्या. आईचे उमटेनात. यंत्रावर बसलेली मुलगी गुणी होती. तिनं काच पुसली, आईचे हात ओल्या फडक्यानं पुसले, "आजी, जरा जोरात दाबा," म्हणाली, मग "जरा हळू दाबा," म्हणाली. आठ वेळा झालं. पडद्यावर दरवेळी पांढरा धब्बा यायचा, पौर्णिमेच्या चंद्रासारखा.

"आजी, तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत हो."

"होत्या की," आई म्हणाली. "गेल्या."

कुठे गेल्या ते मला माहीत आहे. वडिलांची गिरणी १९८२ च्या संपात बंद पडली ती पडलीच. त्यानंतर वीस वर्षं आईनं पोळी-भाजीचे डबे केले. रोजच्या शंभराच्या वर पोळ्या. पोळी तव्यावरून विस्तवावर टाकायला तिनं कधी चिमटा घेतला नाही. मी बी.कॉम. झालो तो त्या रेषांवर. डब्यांचा हिशोब भिंतीवरच्या कालनिर्णयवर असायचा. ज्या दिवशी डबा नको त्या दिवशी फुली. महिनाअखेरीला आई सांगेल तो आकडा लोक मुकाट्यानं देत. वीस वर्षांत एकानंही कॅलेंडर खाली उतरवून फुल्या मोजल्या नाहीत. आणि आता, विश्वासू कोण या प्रश्नाच्या उत्तरात माझं नाव होतं, तिचं नव्हतं.

आईनं मात्र मनाला लावून घेतलं नाही. जिना उतरताना म्हणाली, "ठसे नाहीत म्हणजे मी चोरी केली तरी सापडायची नाही. खरं तर माझ्यावरच नजर ठेवायला हवी."

मला हसू आलं, आणि लगेच नोव्हेंबर आठवला. दर नोव्हेंबरात पेन्शनरांना आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो अंगठ्यावर देता येतो. जिथे अंगठा चालत नाही तिथे २०२१ पासून चेहऱ्यावरही चालतो, पण मधली सात वर्षं मी अंगठ्यावर काढली आहेत. समोर आजोबा उभे. मला पंधरा वर्षं ओळखतात, माझ्या पाठदुखीची चौकशी करतात. आणि मी त्यांना म्हणतो, "आजोबा, तुमचा अंगठा येत नाही." ते जिवंत आहेत हे मला दिसतंय, पण मला म्हणता येत नाही. ते यंत्रानं म्हणायचं. 'येत नाही' हे मी नेमक्या कुठल्या आवाजात म्हणायचो ते मला त्या जिन्यात, त्या मुलीच्या आवाजावरून कळलं. तिचा आवाज माझ्यापेक्षा बरा होता.

जाण्याचा दिवस आला. जावईबापूंनी शेवटची तोड सुचवली होती, आईंसाठी व्हीलचेअर मागा, व्हीलचेअरला रांग नसते. विमानतळावर चाकाच्या खुर्चीतून जाणारे आणि विमानातून उतरल्यावर ताडताड चालणारे पुष्कळ आजी-आजोबा मी बघितले आहेत, त्यामुळे कल्पना व्यवहार्य होती. आई म्हणाली, "पाय धड असताना खुर्चीत बसू? खरंच बसायची वेळ आली की मग?" तिला रांगेची भीती नाही. आषाढीला पंढरपुरात रांग गोपाळपूरपर्यंत जाते. लांबून मुखदर्शन घ्यायचं तर लवकर सुटका होते, पण आई पायावर डोकं ठेवायच्या रांगेतच उभी राहते. एकदा १४ तास उभी होती. मी रागावलो तर म्हणाली, "अरे, तो किती युगं उभा आहे. त्यानं कधी तक्रार केली?"

शिक्क्याच्या रांगेपाशी आम्ही पोचलो. मे महिना, शाळांना सुट्ट्या, रांग सापासारखी वेटोळी घालून बसलेली. उजव्या बाजूला चकचकीत फाटकं, समोर चिटपाखरू नाही. सौ.ची बोटं उमटलेली होती, पण ती म्हणाली, "मी आईंबरोबर थांबते. तुम्ही व्हा पुढे."

'तुम्ही व्हा पुढे' हे वाक्य आपल्याकडच्या बायका दोन अर्थांनी म्हणतात. लग्नाला १८ वर्षं झाल्यावर मला ते कळायला हवं होतं. मी पहिला अर्थ घेतला आणि पुढे झालो.

फाटक उघडलं. खरं सांगतो, बरं वाटलं. फार बरं वाटलं. जन्मभर ज्याला 'नंतर या', 'उद्या या', 'साहेब जेवायला गेलेत' एवढंच ऐकायला मिळालं, त्या माणसाकडे सरकारनं एकदा बघितलं आणि काही न विचारता दार उघडलं. छाती दोन इंच फुगली. एकदा वाटलं, परत बाहेर जाऊन पुन्हा एकदा यावं.

पलीकडे गेल्यावर मात्र एक साधी गोष्ट लक्षात आली. विमान काही माझं एकट्याचं नव्हतं. आईचा आणि सौ.चा शिक्का होईपर्यंत मला तिथेच उभं राहायचं होतं. म्हणजे मी रांग टाळली नव्हती, रांगेची बाजू बदलली होती. बँकेतल्यासारखीच. फरक एवढाच की इथे बसायला खुर्ची नव्हती.

मधे काच होती. पहिली पाच मिनिटं मी रुबाबात उभा राहिलो. नंतर चहा घ्यावा म्हटलं, तर त्याची किंमत वाचून परत आलो. मग काचेतून बघू लागलो. आई पिशवी उचलत नव्हती, पायानं पुढे सरकवत होती. तिच्या पुढे हिरव्या लुगड्यातल्या एक बाई होत्या, बहुधा पहिल्यांदाच निघालेल्या, कारण पासपोर्ट त्यांनी दोन्ही हातांत निरांजनासारखा धरला होता. आई त्यांच्याशी बोलत होती. मग पिशवीतून डबा निघाला. शंकरपाळे. मागच्या दोन पोरांनाही मिळाले. तिघं-चौघं हसत होते. काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं. मी काचेवर टकटक केली, पण त्या गर्दीत माझ्याकडे कोण बघणार?

शेवटी मी तिथल्या जवानाला विचारलं, परत तिकडे जाऊ का? तो म्हणाला, "साहब, आगे जा सकते हैं, पीछे नहीं." कागदोपत्री मी देश सोडला होता. अमेरिकेत पोचलो नव्हतो. आईपासून पन्नास फुटांवर मी परदेशात होतो.

पन्नास मिनिटांनी आई अधिकाऱ्यापुढे उभी राहिली. त्यानं पासपोर्ट बघितला, आईकडे बघितलं, काहीतरी विचारलं. आईनं हातवारे करून सविस्तर उत्तर दिलं. तो हसला आणि शिक्का मारला. अर्ध्या मिनिटापेक्षा नक्कीच जास्त वेळ लागला.

"काय विचारत होता?" ती आल्यावर मी विचारलं.

"मराठी होता रे. म्हणाला, आजी, कुठे? म्हटलं, लेकीकडे. म्हणाला, दोघीच निघालात? म्हटलं, नाही, मुलगा आहे बरोबर. तो पुढे गेलाय."

ती सहज बोलली. सौ. मात्र जाहिरातींच्या पडद्याकडे बघू लागली. 'तुम्ही व्हा पुढे'चा दुसरा अर्थ मला तेव्हा कळला.

आता पुढचा भाग सांगायचा म्हणजे एक कबुली द्यायला हवी. माझ्या बॅगेत, स्वेटरच्या घडीत, दोन हापूस होते. बहीण फोनवर म्हणाली होती, "बाकी काही नको रे दादा. नुसता वास आला तरी पुरे." मी म्हटलं, दोनच तर आहेत. शिवाय मी पाच वर्षांच्या मुदतीचा विश्वासू माणूस. माझ्यावर कोण संशय घेणार? प्रमाणपत्र मिळाल्यावर माणसाच्या डोक्यात पहिला विचार हा यावा, याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. त्याआधी २२ वर्षांत बँकेची एक टाचणी मी घरी आणलेली नाही.

अमेरिकेत उतरल्यावर कळलं, की विश्वास हा रुपयासारखा असतो, देशाबाहेर चालत नाही. पाहुण्यांच्या रांगेत आम्ही तिघेही दीड तास उभे होतो. शेजारून ग्लोबल एंट्रीवाले बॅगा ओढत जात होते. मी त्यांच्याकडे, त्या मावशींनी पासबुकाकडे बघितलं होतं तसं बघितलं. मग नंबर आला. आईची बोटं इथेही उमटेनात. अधिकारी दांडगा होता. त्यानं दोनदा प्रयत्न केला, पासपोर्टातला फोटो बघितला, आईचा चेहरा बघितला आणि हातानंच 'राहू द्या' अशी खूण केली. मग मला विचारलं, काही खाण्याचं सामान? फळं?

मी म्हटलं, "नो."

"काय विचारतो?" आई.

"काही नाही. खायचं काही आणलंय का म्हणून."

"मग सांग की! आणलंय ना," असं म्हणून आई काऊंटरच्या पुढे झाली आणि बोटं मोजू लागली. "लोणचं. मेतकूट. गोडा मसाला. शंकरपाळे संपले. अँड मँगो. टू." आणि मग माझ्याकडे बोट करून, आठवीपर्यंतच्या इंग्रजीत, "हिज बॅग."

मी सांगितलेलं नव्हतं. स्वेटरची घडी तिनं कधी बघितली कोणास ठाऊक. अधिकारी माझ्याकडे बघत होता. त्यानं सावकाश, एकेक शब्द सोडत विचारलं, "सर. मँगो?"

मी म्हटलं, "येस. टू."

आम्हाला बाजूच्या तपासणीत पाठवलं. तिथे हातमोजे घातलेल्या बाईंनी बॅग उघडून आंबे काढून घेतले. लोणचं, मेतकूट आणि मसाला परत दिला. आधी सांगितलंत म्हणून दंड नाही, असं त्या म्हणाल्या. 'सांगितलंत' म्हणताना त्या आईकडे बघत होत्या.

बाहेर जावईबापू ट्रॉली घेऊन उभे होते. वाकून नमस्कार करता करताच त्यांनी हळूच विचारलं, "आंबा नाही ना आणलात?"

"आणला होता की," आई म्हणाली. "त्यांना दिला."

जावईबापूंचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "दादा, माझं नाव नाही ना सांगितलंत तिथे?"

बहीण आईच्या गळ्यात पडून रडत होती. घरी गेल्यावर मी बॅग उघडली तर स्वेटरला वास येत होता. तिनं तो उचलून नेला. मे महिन्यात स्वेटर कशाला हवा म्हणून कोणी विचारलं नाही. चार दिवस तो धुवायला पडला नाही.